एका पुस्तकाच्या पलीकडे : मुक्त वाचनसाहित्य आणि गावची शाळा

निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत फळछाटणीची धांदल सुरू झाली, की गावोगावच्या प्राथमिक शाळांच्या हजेरीपटावर नवी नावे चढू लागतात. सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांतून मजुरांची कुटुंबे खाली उतरतात. बागेच्या कडेला झाप घालून राहतात. आणि त्यांची मुले, शिक्षकाने पाठपुरावा केला तर, जवळच्या शाळेत येऊन बसतात. दुसरीच्या वर्गात बसलेले असे एखादे मूल पुस्तक हाती घेते, चित्रे पाहते, चार अक्षरे ओळखते आणि पुस्तक मिटून ठेवते. त्याच्या शेजारी बसलेला गावचा मुलगा तोच पाठ तोंडपाठ म्हणून दाखवितो. परंतु पाठातील एखादे वाक्य फळ्यावर सुटे लिहून दिले, तर त्यालाही ते वाचता येतेच असे नाही. दोघांची अडचण वरवर भिन्न दिसली तरी तिचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. दोघांपाशीही वाचण्याजोगे पुस्तक एकच आहे, आणि ते पाठ्यपुस्तक होय.

पाठ्यपुस्तकाची थोरवी कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पुणे येथे 1967 साली पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपल्या नित्य परिचयाची ‘बालभारती’, स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती निर्दोष छपाईचे पुस्तक पडू लागले; आणि आज ते शासकीय शाळेतील मुलास विनामूल्य मिळते. तथापि पाठ्यपुस्तक हे वाचन शिकविण्याचे साधन आहे; वाचनाचा सराव त्यावर भागत नाही. पोहायला शिकविताना काठावरील उथळ पाणी लागते हे खरे, पण तेवढ्याच पाण्यात वर्षभर हातपाय मारून कोणी पोहणारा होत नाही. मुलाने एकदा वाचलेला मजकूर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचला, की तो डोळ्यांनी वाचत नसून स्मरणाने म्हणत असतो. अनोळखी पण सोपा मजकूर वरचेवर समोर आल्याखेरीज वाचनास वेग येत नाही, आणि वेग आल्याखेरीज अर्थाकडे लक्ष देण्यास मन मोकळे राहत नाही.

हा प्रश्न एकट्या निफाडचा नाही. भारताच्या ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनाची जी पाहणी ‘असर’ या नावाने होते, तिच्या 2018 सालच्या अहवालानुसार पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी 50.5 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. करोनाच्या साथीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, आणि 2022 च्या पाहणीत हे प्रमाण 42.8 टक्क्यांवर आले. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांसाठी केंद्र शासनाने जुलै 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले, आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे यासाठी 2026-27 या वर्षाची मर्यादा घातली. अभियानाच्या तक्त्यांत मिनिटाला किती शब्द वाचावे याचे आकडे आहेत. ते शब्द मुलाने वाचावयाचे कोठून, हा प्रश्न मात्र शेवटी वर्गातील शिक्षकापाशीच येऊन थांबतो.

आफ्रिकेतील शाळांचा अनुभव

याच प्रश्नाशी आफ्रिका खंडातील शिक्षक गेली काही वर्षे झुंजत आहेत, आणि त्यांचा अनुभव आपल्या शिक्षकांनी अभ्यासण्याजोगा आहे. आपल्याकडे परदेशातील उदाहरण द्यावयाचे म्हटले की इंग्लंड-अमेरिकेकडे पाहण्याची जुनी सवय आहे. परंतु त्या देशांतील शाळांची साधनसंपत्ती व आपली साधनसंपत्ती यांत इतके अंतर आहे, की त्यांचे अनुकरण बहुधा कागदावरच राहते. केनिया, युगांडा किंवा दक्षिण आफ्रिका येथील खेड्यातील शाळा मात्र आपल्या शाळेच्या पुष्कळच जवळची आहे. एका वर्गात अनेक भाषांची मुले, शिक्षकाकडे एकाहून अधिक इयत्ता, घरी पुस्तक नाही आणि हंगामानुसार कामाला जाणारे पालक, हे चित्र निफाडच्या शिक्षकास परके वाटणार नाही.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण प्रथम घेऊ. त्या देशाने अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा दिला, आणि पहिल्या तीन इयत्तांत मुलास घरच्या भाषेत शिकविण्याचे धोरण ठेवले. असे असूनही 2021 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणीत चौथीतील 81 टक्के मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ सांगता आला नाही. 2016 मध्ये हे प्रमाण 78 टक्के होते. ही चाचणी मुलांना त्यांच्या शाळेच्या भाषेतच दिलेली होती, हे ध्यानात घ्यावयास हवे. म्हणजे केवळ धोरणात मातृभाषा आल्याने वाचन येत नाही. त्या भाषेत मुलांनी वाचावे असे काही छापलेले असावे लागते. आणि नेमके तेच नव्हते. लहान भाषेत गोष्टीचे पुस्तक काढणे प्रकाशकास परवडत नाही. पुस्तक नाही म्हणून वाचक तयार होत नाही. आणि वाचक नाही म्हणून पुस्तक निघत नाही.

हे दुष्टचक्र तोडण्यासाठी तेथील ‘साइडे’ या शैक्षणिक संस्थेने ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ हा उपक्रम हाती घेतला. केनिया, युगांडा व दक्षिण आफ्रिका या तीन देशांतील निवडक शाळा व वाचनालये यांत त्याचा आरंभ झाला. कल्पना अगदी साधी होती. प्रकाशकाची वाट न पाहता शिक्षक, ग्रंथपाल आणि गावकरी यांनीच आपल्या भाषेत छोट्या छोट्या गोष्टी लिहावयाच्या. त्यांना चित्रे जोडावयाची. आणि त्या संगणकावर अशा रीतीने ठेवावयाच्या, की कोणत्याही शिक्षकाने त्या विनामूल्य घ्याव्यात, छापाव्यात, आपल्या भाषेत उतरवाव्यात, कठीण वाटल्यास सोप्या कराव्यात. चित्र तेच राहते. त्याखालील मजकूर बदलतो. एका भाषेतील शेळीची गोष्ट दुसऱ्या भाषेत जाताना तिच्यातील झाड, धान्य, नातलगाचे संबोधन हे सारे त्या गावचे होते.

केनियातील अनुभव थोडा निराळा आहे. तेथे 2015 पासून ‘तुसोमे’ नावाचा कार्यक्रम देशभर राबविण्यात आला. किस्वाहिली भाषेत ‘तुसोमे’ म्हणजे ‘वाचू या’. त्यात तीन गोष्टींवर भर होता. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचे वाचनपुस्तक, शिक्षकाच्या हाती रोजच्या पाठाची मांडणी सांगणारी मार्गदर्शिका, आणि शाळाभेटीस येणाऱ्या अधिकाऱ्याने तपासणीपेक्षा पाठ पाहून शिक्षकास साहाय्य करावे ही अपेक्षा. यांतील तिसरी गोष्ट आपल्या केंद्रप्रमुखांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. भेटीच्या दिवशी दप्तर पाहण्यात तास जातो आणि वर्गात एकाही मुलाचे वाचन ऐकले जात नाही, अशा भेटी आपल्याकडेही होत असतात.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या बाबतीतही आफ्रिकेतून आपल्याकडे एक वाट आलेली आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या पुढाकाराने 2005 मध्ये ‘टेसा’ हा उपक्रम सहाराच्या दक्षिणेकडील देशांतील शिक्षकांसाठी सुरू झाला. त्याचे घटक इंग्रजी, फ्रेंच, अरबी व किस्वाहिली या भाषांत तयार करण्यात आले. त्याच धर्तीवर पुढे ‘टेस इंडिया’ हा उपक्रम भारतातील सात राज्यांसाठी आखला गेला. महाराष्ट्राचा त्या सात राज्यांत समावेश नव्हता. परंतु त्याचे पाठघटक हिंदीतही आहेत, आणि आपल्या शिक्षकास हिंदी वाचण्यास अडचण पडत नाही. आफ्रिकेत रुजलेली गोष्ट आपल्या अंगणात येते, ती अशी.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’

येथे एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. कारण या बाबतीत शिक्षकांचा वारंवार घोटाळा होतो. जे विनामूल्य मिळते ते सर्व ‘मुक्त’ असतेच असे नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतात. परंतु त्यांचे हक्क मंडळाकडे राखलेले आहेत. त्यांतील मजकूर बदलून नवे पुस्तक छापण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही. याउलट मुक्त साहित्यात कर्ता स्वतःच आगाऊ लेखी परवानगी देऊन ठेवतो. ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या 2002 सालच्या पॅरिस येथील परिषदेत रूढ झाली, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये युनेस्कोने सदस्य राष्ट्रांसाठी याविषयीची शिफारस संमत केली. या परवानग्यांचे जे प्रकार जगभर मान्य झाले, ते ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या नावाने ओळखले जातात. पुस्तकाच्या अखेरच्या पानावर ते ‘सीसी’ अशा दोन अक्षरांनी सुरू होतात.

त्या अक्षरांपुढील खुणा शिक्षकाने एकदा नीट समजून घ्याव्यात. ‘बाय’ असे असल्यास मूळ लेखक व चित्रकार यांचे नाव देऊन काहीही करता येते. छापणे, भाषांतर, बदल, सर्व. ‘एनसी’ असल्यास विक्री करता येत नाही; शाळेत वाटण्यास हरकत नाही. ‘एसए’ असल्यास आपण केलेली नवी आवृत्तीही त्याच शर्तीवर इतरांना खुली ठेवावी लागते. ‘एनडी’ असल्यास मात्र मजकुरास हात लावता येत नाही. भाषांतर केले तरी ते वाटता येत नाही. ही शेवटची खूण दिसली, की पुस्तक जसे आहे तसे मुलांना वाचावयास द्यावे आणि थांबावे.

मराठी शिक्षकाच्या दृष्टीने आज सर्वांत उपयुक्त भांडार ‘स्टोरीवीव्हर’ हे होय. प्रथम बुक्स या संस्थेने ते 8 सप्टेंबर 2015 रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, खुले केले. त्यातील गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टीत साधारण अडीचशेहून कमी शब्द असतात व शब्दांची पुनरावृत्ती पुष्कळ असते. आफ्रिकन स्टोरीबुकमधील गोष्टीही या भांडारात आल्या आहेत, आणि तेथून त्या भारतीय भाषांत उतरू लागल्या आहेत. केनियातील शिक्षकाने लिहिलेली गोष्ट चांदोरीच्या शाळेतील मूल मराठीत वाचू शकते. इतकेच नव्हे, तर चांदोरीच्या बाईंनी लिहिलेली गोष्ट केनियात जाऊ शकते. या दुसऱ्या शक्यतेचा विचार आपले शिक्षक सहसा करीत नाहीत.

जुन्या मराठी साहित्यातही आपोआप मुक्त झालेला मोठा ठेवा आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे गेली, की त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क संपतो. साने गुरुजींचे निधन 11 जून 1950 रोजी झाले. त्यामुळे 1 जानेवारी 2011 पासून त्यांची अशी पुस्तके कोणासही छापता येतात. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी 1933 मध्ये आपल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे जिल्ह्यातील किती मुलांना ठाऊक असेल? त्यातील एखादी रात्र निवडून, मोठ्या अक्षरांत लिहून, वर्गाच्या भिंतीवर लावण्यास आता कोणाची परवानगी मागावी लागत नाही. याउलट ताराबाई मोडक 1973 मध्ये निवर्तल्या. त्यांच्या लेखनास 2033 अखेरपर्यंत संरक्षण आहे. वर्गात शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने एखाद्या पुस्तकातील मजकुराची प्रत काढणे ही गोष्ट निराळी. तिला कायद्यातच सवलत आहे, आणि 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सवलतीचा अर्थ शिक्षणास अनुकूल असाच लावला. वर्गासाठी प्रत काढणे आणि पुस्तक छापून गावभर वाटणे यांतील हा भेद ध्यानी असला म्हणजे पुरे.

कोणाच्या जीवनाचे पुस्तक?

केवळ पुस्तकांची संख्या वाढली म्हणजे काम झाले, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला. मराठी ग्रंथांची वाढ व्हावी ही तळमळ त्यांना जन्मभर होती. लोकहितवादींसह त्यांनी 1878 च्या मे महिन्यात पुण्यास मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरविले. पुढे 1885 मध्ये असेच संमेलन भरले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले. आणि जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. त्या पत्राचा आशय असा होता, की या ग्रंथकारांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या जीवनाला व भावनेला स्थान नाही. सबब अशा मेळ्याशी आपला मेळ बसणार नाही. पत्र ज्यांना लिहिले ते रानडे मराठीचे हितचिंतक होते यात शंका नाही, आणि जोतीरावांचा आक्षेपही रास्त होता. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी वर्गातील वाचनकोपऱ्यातील पुस्तके चाळणाऱ्या शिक्षकाने तो आक्षेप एकदा स्वतःशी उच्चारून पाहावा. त्या पुस्तकांत झाप आहे काय? बागेत विरळणी करणारी आई आहे काय? कांद्याची गोणी आहे काय?

येथे एक शंका निघेल, की मुलाने आपल्याच गावचे किती वाचावे. त्यास जग दिसावयास नको काय? अवश्य दिसावे. तथापि ज्याला वाचन अद्याप आलेले नाही, त्याला एकाच वेळी अक्षरही अनोळखी आणि वस्तूही अनोळखी, असा दुहेरी भार देऊ नये. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी अक्षर उलगडते. अक्षर हाती आल्यावर अनोळखी वस्तूकडे जाता येते. सुरगाण्याकडून आलेल्या मुलाच्या घरी कोकणा किंवा वारली बोली असते. शाळेची मराठी त्याला समजते, पण मनातले पटकन बोलावयाचे झाले की ती अपुरी पडते. त्याला जो भार पडतो, तो दक्षिण आफ्रिकेतील मुलाच्या भाराहून फारसा वेगळा नाही.

आठ पानांचे पुस्तक

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. पुस्तक तयार करण्यास छापखाना लागत नाही. छपाईचा एक साधा कागद घ्यावा. तो तीनदा दुमडून उलगडला, की आठ सारखे चौकोन दिसतात. कागद आडवा धरून उजवी कड डाव्या कडेवर आणावी. दुमड असलेल्या बाजूने मधल्या आडव्या रेषेवर कागदाच्या मध्यापर्यंत एकच काप द्यावा. कागद उलगडून लांबीने दुमडावा, दोन्ही टोके आत ढकलावी. मधली फट उघडते आणि चार पाने एकमेकांवर बसून आठ पृष्ठांची पुस्तिका तयार होते. दोरा नको, खळ नको. लेखन एकाच बाजूस असल्याने एकदा लिहिलेल्या कागदाच्या हव्या तितक्या प्रती निघतात. कोणत्या चौकोनात कोणते पृष्ठ येते, हे आधी कोऱ्या कागदावर आकडे घालून पाहावे. न पाहिल्यास निम्मी पृष्ठे उलटी येतात, आणि हा अनुभव बहुतेक शिक्षक पहिल्या खेपेस घेतातच.

दुसरीच्या वर्गासाठी नमुन्यादाखल पुढील मजकूर पाहावा. मुखपृष्ठावर नाव : ‘आजी आणि कांदा’. त्यानंतरची सहा पृष्ठे अशी :

आजी चाळीत गेली. मी पण गेलो.
आजीने एक कांदा उचलला. दाबून पाहिला. “हा चांगला.” तो पाटीत टाकला.
आजीने दुसरा कांदा उचलला. दाबून पाहिला. “हा सडला.” तो बाहेर टाकला.
मी एक कांदा उचलला. दाबून पाहिला. त्याला हिरवा कोंब होता. “आजी, हा पण टाकू?”
आजी हसली. “हा टाकू नको. हा लाव.”
मी कांदा घरामागे लावला. त्याला फूल आले. पांढरे, गोल, माझ्या डोक्याएवढे उंच.

शेवटचे पृष्ठ लेखक, चित्रकार व परवानगी यांच्यासाठी राखावे.

मजकूर लहान आहे, पण त्याच्या रचनेकडे लक्ष द्यावे. ‘उचलला’, ‘दाबून पाहिला’, ‘टाकला’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे सराव होतो. तरीही चौथ्या पृष्ठावर अपेक्षाभंग होतो; म्हणजे मुलास पुढे वाचावेसे वाटते. जोडाक्षरे दोन-चारच आहेत. निफाड, लासलगाव, विंचूर या पट्ट्यात चाळ पाहिली नाही असे मूल विरळाच. आणि बियाण्यासाठी कांदा लावतात, हे अनेक मुलांनी शिक्षकापेक्षा जवळून पाहिलेले असते. ‘डेंगळा’ हा शब्द मुलांनी आपण होऊन उच्चारला, तर शिक्षकाने तो फळ्यावर लिहावा. आधी सांगू नये.

पाठ घेताना पहिल्या दिवशी केवळ चित्रे दाखवावी आणि पुढे काय होईल ते विचारावे. त्यानंतर शिक्षकाने स्वतः, घाई न करता, शब्दावर बोट ठेवून वाचावे. दुसऱ्या दिवशी मुलांनी शिक्षकाबरोबर व मग जोडीजोडीने वाचावे. तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाने एकट्याने वाचावे, आणि शिक्षकाने निदान पाच मुलांचे वाचन कान देऊन ऐकावे. वाचन ऐकताना मूल अडखळले, की शब्द पुरविण्याची घाई करू नये. तीन श्वास थांबावे. प्रश्नही असा विचारावा, की त्याचे उत्तर एका ओळीत सापडू नये. ‘आजीने काय उचलले?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘तिसरा कांदा आजीने का टाकू दिला नाही?’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. ते शेवटच्या पृष्ठावरील फुलावरून ताडावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील शंभरांपैकी एक्याऐंशी मुले जेथे अडली, ती जागा नेमकी हीच होय.

खरी गंमत चौथ्या दिवशी येते. त्या दिवशी गोष्टीचा सांगाडा तोच ठेवून मुलांनी वस्तू बदलावी. बागायतदाराची मुलगी कदाचित द्राक्षाचा घड घेईल. नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूची मुले पाणथळातील पक्षी घेतील. डोंगरातून आलेल्या मुलास विचारावे, “तुझी आजी काय निवडते रे?” तो नागली म्हणेल. बियाण्यासाठी नागलीची कणसे कशी निवडून ठेवतात, हे तो हातवारे करून सांगू लागेल. आणि कदाचित त्या तासास प्रथमच सारा वर्ग त्याच्याकडे पाहील. त्याने सांगितलेले शिक्षकाने तसेच लिहून घ्यावे. त्याने एखाद्या वस्तूस बोलीतील शब्द वापरला, तर तो खोडू नये. मराठी शब्द त्याच्याखाली लिहावा. त्या मुलाने उच्चारलेले, त्याच्या डोळ्यांदेखत अक्षरांत उतरलेले हे वाक्य त्याला बहुधा त्याच दिवशी वाचता येते. कारण त्यात काय लिहिले आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते. आफ्रिकेतील शिक्षकांनी जे संगणकावर केले, त्याचाच हा पाटीवरचा अवतार म्हणावयास हरकत नाही.

अडचणी येतीलच. वर्गातील चित्रकला सर्वच शिक्षकांना साधते असे नाही. अशा वेळी मुलांचीच चित्रे घ्यावी, किंवा स्टोरीवीव्हरवरील मुक्त चित्र नावानिशी वापरावे. शाळेत छपाईयंत्र नसेल तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी प्रती काढता येतात. एका पुस्तिकेस एकच कागद लागत असल्याने खर्च शाळेच्या आवाक्यात राहतो. भ्रमणध्वनीवर गोष्ट दाखविण्याचा मोह टाळावा, असे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. पडदा शिक्षकाच्या हातात राहतो, मूल पाहणारे होते. कागद मुलाच्या हातात जातो आणि ते वाचणारे होते. शिवाय पुस्तिका घरी जाते. तिच्यामागे आई-आजोबांची नजरही जाते, ही लहान बाब नाही. महाराष्ट्रात 1959 साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि गावेच्या गावे साक्षर होऊ लागली. परंतु पुढे वाचावयास काही हाती न राहिलेला नवसाक्षर पाहता पाहता अक्षर विसरतो, हे प्रौढशिक्षणाच्या प्रत्येक मोहिमेत कार्यकर्त्यांना पाहावे लागले. त्या पिढीतील ज्या आजीला आज अक्षरे अंधुक आठवतात, तिच्यापुढे नातू ‘आजी आणि कांदा’ वाचू लागला, तर तीही एखादी ओळ पुढे सांगून जाईल.

पुस्तिकांच्या लेखनात व्याकरणाची, शुद्धलेखनाची जबाबदारी शिक्षकाचीच आहे. मुलाचे बोलणे जसेच्या तसे घ्यावे, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक छापील रूपात मुलांच्या हाती जाऊ देऊ नये. केंद्रातील शिक्षण परिषदेच्या दिवशी दोन शिक्षकांनी परस्परांच्या पुस्तिका वाचून पाहाव्यात. एकाच केंद्रातील आठ-दहा शाळांनी वर्षास चार-चार पुस्तिका केल्या, तरी प्रत्येक शाळेच्या पेटीत तीस-चाळीस जमतात. शेवटच्या पृष्ठावर ‘लेखन : इयत्ता दुसरी, शाळेचे नाव, वर्ष. सीसी बाय’ एवढी ओळ लिहिली, की दुसऱ्या केंद्रातील, दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षकासही ती घेण्यास मोकळीक राहते. मुलाचे संपूर्ण नाव, पत्ता वा छायाचित्र मात्र त्यावर घालू नये.

हंगाम आटोपून मजुरांची कुटुंबे परत निघतात, तेव्हा शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हाती देण्याची पद्धत आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने मुलास कोणत्याही वेळी दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क दिलेला आहे. दाखला नाही म्हणून कोणी अडवू शकत नाही. त्या कार्डासोबत मुलाने सांगितलेल्या नागलीच्या गोष्टीच्या दोन प्रती द्याव्यात. एक त्याची स्वतःची, आणि दुसरी सुरगाण्याच्या बाजूस त्याला पुढे जे गुरुजी भेटतील त्यांच्यासाठी. त्या प्रतीच्या शेवटच्या पृष्ठावर, मूल कोठपर्यंत न अडखळता वाचते आणि कोणत्या शब्दाशी थांबते, हे दोन ओळींत पेन्सिलीने लिहून ठेवावे.